कोणती प्रत पाहिली? जुने ब्रिटिश चित्रपट आणि घरातला प्रेक्षक

१/ १९७३-७४च्या हिवाळ्यात ब्रिटनमधील चित्रगृहांत ‘द विकर मॅन’ हा चित्रपट दुय्यम खेळ म्हणून लागला. मुख्य चित्रपट होता निकोलस रोग यांचा ‘डोन्ट लुक नाऊ’. त्याच तिकिटात जोडीला हा. लांबी सुमारे ८८ मिनिटे. वितरण करणाऱ्या कंपनीच्या नव्या चालकांनाच तो आवडला नव्हता. आज हाच चित्रपट सर्वोत्तम ब्रिटिश भयपटांत गणला जातो. या दोन मतांच्या मध्ये काय घडले, याचे नेहमीचे उत्तर ‘काळ बदलला, अभिरुची बदलली’ असे दिले जाते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. प्रेक्षकांचे मत बदलण्याआधी त्यांच्यासमोरचा चित्रपटच बदलला होता. हा थ्रेड त्या बदलाविषयी.

२/ आरंभी एक साधी गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या चतुर्थकापर्यंत सामान्य प्रेक्षकाला चित्रपट ‘जवळ बाळगता’ येत नसे. तो लागला तर पाहायचा, नंतर आठवायचा. समीक्षकाचीही स्थिती फार वेगळी नव्हती. एका खेळाच्या आणि चार टिपणांच्या बळावर लिहिलेला मजकूर पुढे दशकानुदशके प्रमाण मानला जाई. व्हीएचएस कॅसेट १९७६ मध्ये जपानात आली आणि १९७८ मध्ये ब्रिटनमध्ये पोहोचली. तेव्हापासून प्रेक्षक दृश्य थांबवू लागला, मागे नेऊ लागला, ताडून पाहू लागला. पोथी पहिल्यांदाच वाचकाच्या हाती आली म्हणा ना! मात्र हाती आलेली पोथी कोणत्या परंपरेतली, तिची किती पाने गळालेली, हे कॅसेटच्या वेष्टनावर कोणी छापत नसे.

३/ डेव्हिड लीन यांचा ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ (१९६२) घ्या. ७० मिमी फिल्मवर सादर होणाऱ्या या चित्रपटाची चौकट उंचीच्या २.२ पट रुंद आहे. जुन्या दूरचित्रवाणी संचाचा पडदा उंचीच्या अवघा १.३३ पट रुंद. पडदा वरपासून खालपर्यंत भरायचा तर दोन्ही बाजूंचे मिळून जवळपास ४० टक्के चित्र कापावे लागते, आणि कॅसेटवर तेच केले जाई. ओमर शरीफचा प्रवेश आठवावा: क्षितिजावर मृगजळात थरथरणारा एक ठिपका, तो हळूहळू उंटस्वार होतो. छायाचित्रकार फ्रेडी यंग यांनी त्यासाठी खास लांब पल्ल्याचे भिंग वापरले होते. चौदा इंची संचावर, कडा छाटलेल्या कॅसेटमध्ये, तो ठिपका दिसणार किती आणि त्याभोवतीचे वाळवंट उरणार किती? ‘लॉरेन्स’ संथ आहे, कंटाळवाणा आहे, असे मत त्या काळी अनेक घरांत तयार झाले असेल तर त्यासाठी प्रेक्षकाला बोल लावणे अन्यायाचे ठरेल. रिकामे वाळवंटच तर कापले गेले होते.

४/ यातली गंमत अशी की पुढे संपूर्ण चौकट दाखवणाऱ्या आवृत्त्या निघाल्या, तेव्हा वर-खाली काळ्या पट्ट्या आल्या आणि प्रेक्षक रागावले. पट्ट्यांनी चित्र झाकले आहे अशी पुष्कळांची समजूत होती. पैसे पूर्ण पडद्याचे दिले आणि मिळाला अर्धा, ही तक्रार! प्रत्यक्षात अधिक चित्र दिसत होते ते पट्ट्यांच्याच आवृत्तीत. (जाता जाता: याच चित्रपटात लॉरेन्स ज्याला वाळवंटातून परत आणतो तो कासिम साकारला होता आपल्या आय. एस. जोहर यांनी.)

५/ दुसरा घोटाळा मिनिटांचा. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चालतो. ब्रिटनमध्ये आणि भारतातही वापरात असलेली पाल ही दूरचित्रवाणी पद्धत सेकंदाला २५ चौकटींची. म्हणून पाल कॅसेटवर किंवा डीव्हीडीवर चित्रपट थोडा वेगाने चालवला जाई. परिणामी १०० मिनिटांचा चित्रपट ९६ मिनिटांत संपे आणि पात्रांचे आवाज किंचित चढे लागत. अमेरिकी पद्धतीत गतीचा हा फरक पडत नसे. त्यामुळे दोन देशांतील रसिक वेष्टनांवरची लांबी ताडून पाहत आणि ‘आमच्या प्रतीतून चार मिनिटे छाटली’ असा निष्कर्ष काढत. काही वेळा खरोखर छाटलेली असत. काही वेळा तो निव्वळ भागाकार असे. साधन समजून न घेता साधनावरून निष्कर्ष काढण्याचा हा प्रकार इतिहासाच्या विद्यार्थ्याला अपरिचित नाही.

६/ ‘लॉरेन्स’ची कात्री मात्र खरी होती. १९६२च्या पहिल्या खेळात तो २२२ मिनिटांचा होता. लवकरच त्यातून सुमारे २० मिनिटे गेली, पुढे आणखी गेली आणि पुनःप्रदर्शनात १८७ मिनिटे उरली. रॉबर्ट हॅरिस यांच्या पुढाकाराने १९८९ मध्ये तो पुन्हा जुळवला गेला, तेव्हा काही दृश्यांचे चित्र सापडले पण ध्वनी हरवला होता. मग पीटर ओटूल, अ‍ॅलेक गिनेस आणि अँथनी क्विन यांनी पाव शतकानंतर आपल्याच तरुण ओठांवर पुन्हा आवाज दिला. जॅक हॉकिन्स तोवर निवर्तले होते. त्यांच्यासाठी चार्ल्स ग्रे यांचा आवाज वापरला. म्हणजे आज घरात दिसणाऱ्या ‘मूळ’ प्रतीत १९६२चे चेहरे आणि क्वचित १९८०च्या दशकातले कंठ आहेत.

७/ कात्रीने लांबी जाते तशी रचनाही जाते, आणि रचना गेली की अर्थ उलटतो. मायकेल पॉवेल आणि एमेरिक प्रेसबर्गर यांचा ‘द लाइफ अँड डेथ ऑफ कर्नल ब्लिम्प’ (१९४३) हे त्याचे ठळक उदाहरण. ब्लिम्प हे मुळात डेव्हिड लो यांच्या व्यंगचित्रांतले पात्र: हमामखान्यात बसून बाष्कळ मते फेकणारा जाडजूड, मिशाळ कर्नल. युद्ध ऐन भरात असताना अशा माणसावर चित्रपट निघतो आहे हे कळताच चर्चिल संतापले. हे मूर्खपणाचे चित्रण थांबवण्यासाठी काय उपाय करता येतील ते सुचवा, अशा आशयाचे टिपण त्यांनी सप्टेंबर १९४२ मध्ये माहितीमंत्री ब्रेंडन ब्रॅकन यांना धाडले. लॉरेन्स ऑलिव्हिए तेव्हा नौदलाच्या हवाई शाखेत होते. त्यांना या भूमिकेसाठी मोकळे करायला नकार मिळाला. ती भूमिका रॉजर लिव्ह्जीने केली, आणि आता तिथे दुसऱ्या कोणाची कल्पनाही करवत नाही.

८/ चित्रपट थांबला नाही. १६३ मिनिटांचा, टेक्निकलरमधला, युद्धकाळात बनलेला हा चित्रपट एका जर्मन अधिकाऱ्याला इंग्रज नायकाचा जिवलग मित्र दाखवतो. त्या जर्मनाच्या, थिओच्या, भूमिकेत अँटन वॉलब्रुक; तो आणि लेखक प्रेसबर्गर दोघेही नाझींमुळे परागंदा झालेले. म्हातारा थिओ इंग्लंडमध्ये आश्रय मागताना अधिकाऱ्यासमोर आपली कहाणी सांगतो, तो प्रसंग या चित्रपटाचा प्राण आहे. तथापि आपल्या मुद्द्यासाठी महत्त्वाची आहे ती सुरुवात. आरंभी आपल्याला १९४२ मधला म्हातारा, हास्यास्पद मेजर जनरल दिसतो. एक तरुण लेफ्टनंट त्याच्या पोटाची आणि मिशांची टर उडवतो. म्हातारा चिडतो, झटापटीत दोघे हमामखान्याच्या कुंडात पडतात, आणि पाण्यातून वर येतो तो १९०२ मधला तरणाबांड अधिकारी. पुढचा सगळा चित्रपट म्हणजे त्या पोटाचा आणि त्या मिशांचा इतिहास.

९/ परदेशी प्रदर्शनासाठी आणि पुढे दूरचित्रवाणीसाठी हा चित्रपट कापत कापत सुमारे दीड तासापर्यंत आणला गेला. छोट्या आवृत्त्यांत ही मागे जाण्याची रचना मोडून गोष्ट सरळ कालानुक्रमे लावली गेली. त्यामुळे काय झाले पाहा. मूळ रचनेत प्रेक्षक आधी म्हाताऱ्याला हसतो आणि मग त्या हसण्याची त्याला लाज वाटू लागते. सरळ रचनेत तरुण हळूहळू म्हातारा होतो, बस्स. हसण्याची संधीही नाही आणि लाजेचीही नाही. ज्यांनी ही प्रत पाहून ‘रंग सुंदर, कथा विस्कळीत’ असा अभिप्राय दिला असेल, त्यांनी समोर होते त्याविषयी खरेच सांगितले होते. १९८० च्या दशकात ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या संग्रहालयाने संपूर्ण आवृत्ती पुन्हा उभी केली. प्रेसबर्गर १९८८ मध्ये आणि पॉवेल १९९० मध्ये वारले. आपला चित्रपट अखंड झालेला दोघांनीही पाहिला. पुढच्या डिजिटल पुनरुद्धारामागे मार्टिन स्कॉर्सेसी यांची फिल्म फाउंडेशन होती. या जोडगोळीचे रंगीत चित्रपट स्कॉर्सेसींनी स्वतः लहानपणी न्यूयॉर्कमध्ये कृष्णधवल दूरचित्रवाणीवर पाहिले होते, ही नोंद इथे करून ठेवावी.

१०/ उलट्या बाजूचा एक दाखलाही हवा. पॉवेल यांच्या ‘पीपिंग टॉम’ (१९६०) वर ब्रिटिश समीक्षक अक्षरशः तुटून पडले आणि मायदेशातली त्यांची कारकीर्द त्यातून सावरली नाही. ‘संडे टाइम्स’च्या डिलिस पॉवेल (दिग्दर्शकाशी नाते नाही, केवळ आडनावबंधू) यांनीही तेव्हा त्याला झोडपले होते. १९९४ मध्ये, नव्वदी ओलांडल्यावर, त्यांनी त्याच वृत्तपत्रात त्या चित्रपटाची जाहीर माफी मागितली. इथे चित्रपट फारसा बदलला नव्हता, तो पुन्हा पाहता येऊ लागला होता. म्हणून ‘प्रत बदलली की मत बदलते’ हे सर्वत्र लागू पडणारे सूत्र नव्हे. कधी कधी केवळ दुसऱ्यांदा पाहणे पुरेसे असते. पण ते दुसऱ्यांदा पाहणे शक्य तर व्हायला हवे.

११/ मराठी वाचकाला या सगळ्यासाठी एक नेमका शब्द आधीच ठाऊक आहे: पाठभेद. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली. वि. स. सुकथनकर १९२५ पासून तिचे प्रमुख संपादक होते आणि काम पुरे झाले १९६६ मध्ये. काश्मीरपासून केरळपर्यंतच्या हस्तलिखितांत कोणती प्रत कोणावरून उतरली, कोणता श्लोक कुठे शिरला, हे ताडून संहिता निश्चित केली गेली. त्यात एक गोष्ट सामान्य वाचकाला खटकली, आजही खटकते: व्यासांनी सांगितले आणि गणपतीने लिहिले ही लाडकी कथा संपादकांनी मुख्य संहितेतून काढून परिशिष्टात ठेवली. सर्वांत मोठी प्रत ही सर्वांत जुनी असतेच असे नाही, हा तो धडा होता. ‘द विकर मॅन’च्या चाहत्यांना नेमका हाच पेच पडला.

१२/ आता त्या चित्रपटाकडे वळू. लेखक अँथनी शॅफर, दिग्दर्शक रॉबिन हार्डी, चित्रण स्कॉटलंडमध्ये १९७२च्या शरद ऋतूत. कथेत मात्र दिवस मे महिन्याच्या आरंभाचे, त्यामुळे कुडकुडणाऱ्या नटांनी वसंत साजरा केला. हाउवी हा कट्टर ख्रिस्ती पोलीस सार्जंट हरवलेल्या मुलीच्या शोधात समरआइल या काल्पनिक बेटावर उतरतो. तिथे ख्रिस्तपूर्व दैवतांची पूजा चालते. बेटाचा धनी लॉर्ड समरआइल म्हणजे क्रिस्टोफर ली, ज्यांनी या भूमिकेसाठी मानधन घेतले नाही आणि पुढे आयुष्यभर आपले सर्वोत्तम काम म्हणून याच चित्रपटाकडे बोट दाखवले. शेवट ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी तो इथे सांगितलेला नाही.

१३/ सुमारे १०० मिनिटांची मोठी आवृत्ती आणि चित्रगृहांत लागलेली ८८ मिनिटांची आवृत्ती यांत फरक काय? मोठ्या आवृत्तीत हाउवी बेटावर दोन रात्री काढतो. पहिल्या रात्री तो खोलीत गुडघे टेकून प्रार्थना करत असताना बाहेर लॉर्ड समरआइल एका किशोराला खानावळीतल्या विलोकडे घेऊन येतो आणि खाली गावकरी मंद सुरात गातात. दुसऱ्या रात्री विलो हाउवीच्या खोलीला लागून असलेली भिंत थापटत त्याला भुलवू पाहते. छोट्या आवृत्तीत पहिली रात्र नाहीशी झाली आणि दुसरीचा प्रसंग उचलून पहिलीवर बसवला गेला. म्हणजे मोह आहे, पण मोहाची चढण नाही. शिवाय ली यांचा प्रवेश बराच उशिरा होतो. मुख्य भूमीवरचे आरंभीचे प्रसंगही गेले: पोलीस ठाण्यात सहकारी हाउवीच्या सोवळेपणाची टिंगल करतात ते.

१४/ काढलेला भाग गेला कुठे? सांगितले जाते ते असे: शेपर्टन स्टुडिओच्या गोदामाची साफसफाई झाली, फिल्मचे डबे बाहेर फेकले गेले आणि नव्या मोटारमार्गाच्या भरावात गाडले गेले. हार्डींनीही ही हकीकत सांगितली. ली यांना तर यात मुद्दाम केलेल्या घाताचा वास येई. आख्यायिका म्हणून ती झकास आहे, म्हणूनच जपून घ्यावी. निश्चित आहे ते इतकेच की मूळ निगेटिव्हचे ते तुकडे आजवर मिळालेले नाहीत.

१५/ वाचली ती एक प्रत, आणि तीही योगायोगाने. अमेरिकेत चित्रपट कसा विकावा याविषयी मत घेण्यासाठी एक मोठी प्रिंट स्वस्त चित्रपटांचे निर्माते रॉजर कॉरमन यांच्याकडे पाठवली गेली होती. व्यवहार जुळला नाही, प्रिंट मात्र त्यांच्याकडे राहिली. हार्डींना तिचा पत्ता लागल्यावर १९७९ मध्ये अमेरिकेत मधल्या लांबीची एक आवृत्ती प्रदर्शित झाली. त्याआधीच, १९७७ मध्ये, ‘सिनेफँटास्टिक’ या अमेरिकी नियतकालिकाने या चित्रपटावर विशेषांक काढला होता. ज्या चित्रपटाची पुरी प्रत बहुतेकांनी पाहिलेलीच नव्हती, त्याची कीर्ती ऐकीव माहितीवर पसरत होती.

१६/ या शतकाच्या आरंभी डीव्हीडीसाठी मोठी आवृत्ती सिद्ध केली गेली तेव्हा कॉरमन यांची फिल्म प्रिंट उपलब्ध राहिली नव्हती. तिच्यावरून केलेली व्हिडिओ टेप तेवढी होती. मग जे भाग चांगल्या फिल्मवर होते ते तिथून घेतले आणि उरलेले टेपवरून जोडले. परिणाम ठिगळाच्या गोधडीसारखा झाला: स्वच्छ, रंगीत दृश्य चालू असताना अचानक चित्र मळकट होते, कडा विरघळतात, काही क्षणांनी पुन्हा उजाडते. अनेक प्रेक्षकांनी यावर नाक मुरडले. पण या दोषानेच त्यांना संपादक केले. मळकट दिसते ते कापलेले, स्वच्छ दिसते ते राखलेले; तळटीप न वाचता पाठभेद डोळ्यांना दिसत होता. कोणत्याही विद्वान आवृत्तीने इतकी स्पष्ट खूण क्वचितच दिली असेल.

१७/ मग दोन तट पडले. एक पक्ष म्हणे, आरंभीचे पोलीस ठाणे अनावश्यक आहे. हाउवी कोण हे आधीच सांगून टाकल्याने त्याचे रहस्य जाते, त्याने समुद्रविमानातून थेट बेटावर उतरावे हेच योग्य. दुसरा पक्ष म्हणे, त्याची श्रद्धा आणि त्याचे एकटेपण आधी दिसले नाही तर तो केवळ आडमुठा फौजदार वाटतो आणि शेवटी त्याच्यासाठी जीव तुटत नाही. दोन रात्रींच्या बाबतीत मात्र मोठ्या आवृत्तीची बाजू निःसंशय बळकट आहे: रात्र एकच असेल तर हाउवीची परीक्षा होते कुठे? पोलीस ठाण्याबाबत छोट्या आवृत्तीच्या पक्षपात्यांचे म्हणणे मान्य करावे लागते. विनोद तिथे ओढूनताणून आणलेला आहे.

१८/ २०१३ मध्ये चित्रपटाला ४० वर्षे झाली. हक्कधारक स्टुडिओकनाल कंपनीने फेसबुकवर जगभरच्या रसिकांना आवाहन केले: कोणाकडे जुनी फिल्म असेल तर कळवा. शोधाअंती अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाच्या चित्रपट संग्रहालयात ३५ मिमीची एक प्रिंट मिळाली. ती होती १९७९च्या मधल्या आवृत्तीची. तिच्यावरून नवी प्रत सिद्ध झाली आणि ऐंशीच्या घरात पोहोचलेल्या हार्डींनी तिला ‘अंतिम’ म्हणून मान्यता दिली. तिच्यात दोन्ही रात्री आहेत, चर्चमधला प्रार्थनेचा प्रसंग आरंभी आहे. पोलीस ठाणे नाही. सर्वांत मोठी प्रत मागणारे चाहते यावर रुसले. गणपतीची कथा परिशिष्टात गेल्यावर जे वाटले असेल, तेच हे.

१९/ कंपनीने शहाणपणा असा केला की ब्रिटनमधल्या त्या संचात छोटी, मधली आणि मोठी अशा तिन्ही आवृत्त्या एकत्र दिल्या. हार्डी २०१६ मध्ये वारले, ली त्याच्या आदल्या वर्षी. पोलीस ठाण्यातला तो प्रसंग या संचातही जुन्या टेपवरूनच घ्यावा लागला: मळका, धूसर, शेजारच्या झळझळीत दृश्यांपुढे केविलवाणा. त्याची चांगली फिल्म अद्याप कोणाला मिळालेली नाही.